सात नोव्हेंबरची मोजणी

आमच्या गावाला सात नोव्हेंबरची सुट्टी आहे, ती माझ्या जन्माच्या आधीपासून. लहानपणी त्या दिवशी आम्ही लाल झेंडे घेऊन गावकचेरीपासून धान्यकोठारापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. पुढे त्या लाल झेंड्यांचा देश राहिला नाही. सुट्टी राहिली. आता काही वर्षांपासून सात आणि आठ हे दोन दिवस पूर्वजांच्या स्मरणाचे झाले आहेत. एकोणीसशे सोळा साली झारच्या फौजेपुढे सीमेपलीकडे पळताना बेदेलच्या खिंडीत जे बर्फात राहिले, त्यांच्यासाठी हे दोन दिवस.

"तारीख तीच, लाउडस्पीकर तोच," आमचा गावप्रमुख मेदेर म्हणतो. "फक्त तेव्हा ओरडायचं असायचं, आता रडायचं असतं."

हाच मेदेर त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस माझ्याकडे आला. मी गावच्या ग्रंथालयात नोकरी केली. निवृत्त झालो, पण माझ्या जागी कुणी आलंच नाही म्हणून किल्ली अजून माझ्याकडेच आहे. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, तरी लोक मला मास्तर म्हणतात.

"मास्तर, केरेझ आपाकडे जा," मेदेर म्हणाला. "जिल्ह्याहून पाहुणे येणार आहेत. ज्यांचे आईबाप कळत्या वयात ती खिंड ओलांडून गेले आणि परत आले, असं माणूस आता तीच एक उरली आहे. तिला म्हणावं, आईकडून ऐकलेलं सांग. दहा मिनिटं. शिव्या घालू नकोस."

"तू स्वतः का नाही जात?"

"मला बघितलं की तिला शिव्या आठवतात."

केरेझ आपा नव्वदीची. मधली काही वर्षं ती राजधानीत मुलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहिली होती आणि मागच्या वर्षी भांडून परत आली होती. मी गेलो तेव्हा ती चुलीपाशी बसून लोकर पिंजत होती.

"ये मास्तर. तुझं ग्रंथालय चालू आहे का?"

"उघडतो रोज."

"आणि कोण येतं?"

"थंडी वाढली की येतात. शेगडी आहे ना."

ती हसली. मी निरोप सांगितला. तिचं हसणं थांबलं. तिने लोकर बाजूला ठेवली आणि मला चहा ओतला. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धीच वाटी देतात, म्हणजे तो पुन्हा मागत राहतो आणि बसून राहतो. तिने मात्र वाटी काठोकाठ भरली. पिऊन लवकर ऊठ, असा त्याचा अर्थ. मला तो कळला, पण उठता आलं नाही. मला कुठूनही वेळेवर उठता येत नाही.

"मला एकच गोष्ट माहीत आहे," ती शेवटी म्हणाली, "आणि तीच सांगता येत नाही."

मग तिने ती मला सांगितली. का सांगितली, कोण जाणे. मी कुणाशी फारसा बोलत नाही, म्हणून असेल.

तिची आई तेव्हा बारा वर्षांची होती. चढावर पोरं गुरांच्या शेपट्या धरून चालत होती. तीही गाईची शेपटी धरून होती. पुढे बोरुबायची बायको चालली होती, पाठीवर पाळणा आणि घोड्यावर सहा वर्षांचा मुलगा, कीदीर. नवरा मागे खाली मारला गेला होता. घोडा बसला तेव्हा तिने कीदीरला उतरवून पाठीवर घेतलं आणि पाळणा दगडाच्या आडोशाला ठेवला. दोन्ही पोरं नेता येत नव्हती. ती चालू लागली आणि तिने मागे बघितलं नाही. मागून दुसऱ्या घराण्यातली एक बाई येत होती. तिचं बाळ त्याच सकाळी गेलं होतं, छाती अजून दुधाने भरलेली होती. तिने पाळणा उचलला. केरेझच्या आईला तिने भाकरीची शपथ घातली: हे तू बघितलं नाहीस.

"उचललेल्या पोराला आपण उचललेले आहोत हे कळू नये, असं असतं," केरेझ आपा म्हणाली. "आईने ते मला मरताना सांगितलं. मी तर मेले तरी सांगणार नव्हते."

"ते बाळ जगलं?"

"एसेनकुल."

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. एसेनकुल आमच्या गावात म्हातारा होऊन मेला. त्याच्या मुलाचा मुलगा तुर्दुबेक. तुर्दुबेकचा मुलगा बेकतुर. आणि बेकतुरची बायको बेगायम ही कीदीरच्या घराण्यातली, म्हणजे घोड्यावर बसलेल्या त्या पोराची पणती.

आमच्यात मूल शाळेत जाण्याआधी त्याला सात बाप पाठ असावे लागतात. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, असे सात. ज्याला येत नाहीत त्याला लोक पोरका समजतात. आणि सातांच्या आत दोन घराण्यांचा बाप एक निघाला, तर ती दोघं भाऊबहीण. त्यांचं लग्न होत नाही; झालं तर मूल व्यंग घेऊन येतं, असं म्हातारे सांगतात. खानाच्या काळात अशांना गावाबाहेर काढत, असं म्हणतात. आता कुणी काढत नाही. आता अशी गोष्ट घडतच नाही, कारण सोयरीक ठरवताना दोन्हीकडचे म्हातारे समोरासमोर बसून सात-सात नावं मोजतात. बेगायमच्या वेळीही मोजली होती. तुर्दुबेकच्या बाजूने मोजलेले बाप, एसेनकुलच्या पुढचे, सगळे दुसऱ्याचे होते.

"लग्न झालं तेव्हा तुम्ही इथे नव्हतात," मी म्हणालो.

"नव्हते. आले तर ती सुनेचा पांढरा रुमाल बांधून विहिरीवर उभी. मला वाकून सलाम केला पोरीने. आता सातवा महिना आहे तिला. काय सांगू? कुणाला सांगू?"

"मग येऊच नका सणाला. मी सांगतो, बरं नाही म्हणून."

"वा! माझ्या आईची आई त्या खिंडीत राहिली. तिच्या नावाने गाव घोडी कापणार आणि मी घरात लोकर पिंजत बसू? येईन. पाळण्याचंच सांगेन, नावं नाही घेणार. एक बाई होती म्हणेन. हजार बायका होत्या तिथे."

वाटीतला उरलेला चहा संपवून मी उठलो.

सात तारखेला आभाळ तळ्यापर्यंत खाली आलं होतं. शाळेच्या सभागृहात जमिनीवर जेवणाच्या लांबच्या लांब चादरी, दस्तरखान, पसरले होते. बायकांनी पहाटेपासून सात-सात पातळ भाकऱ्या तेलात तळल्या होत्या. त्या तेलाचा वास मेलेल्यांपर्यंत पोचतो आणि त्यांना कळतं की आपली आठवण आहे. बेगायम चहा वाटत होती. पोट सांभाळत, एका हाताने किटली धरून. मेदेर तिला म्हणाला, "सूनबाई, बस आता, तुझ्या पोटातला पाहुणा आमच्याआधी दमेल." सगळे हसले. तिचा नवरा बेकतुर घोडे राखतो; तो दाराशी कढईतलं मांस वाढून देत होता. त्याने तिच्या हातातून किटली घेतली आणि बायकांनी त्याला चिडवलं: "बघा, बघा, घोडेवाला चहावाला झाला!"

जिल्ह्याच्या पाहुण्याने भाषण केलं. मुल्लाने कुराणातलं म्हटलं. मग केरेझ आपा उठली. लाउडस्पीकर तिने हाताने दूर सारला. तिचा आवाज बारीक होता, पण सभागृह इतकं शांत झालं की बाहेरचा कुत्राही ऐकू येत होता. गाईच्या शेपटीचं तिने सांगितलं, बसलेल्या घोड्याचं सांगितलं, आणि "एक बाई होती" असं म्हणून पाळण्याचंही सांगितलं. दगडाच्या आडोशाला ठेवला, एवढंच. उचलल्याचं सांगितलं नाही. सांगून ती खाली बसली. बायका डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात असानकान बाबा उभे राहिले. कीदीरचा मुलगा, बेगायमचे आजोबा. तिचा बाप रशियात बांधकामावर असतो. तिला वाढवलं ते यांनीच.

"केरेझ," ते म्हणाले, "ती बाई माझी आजी होती."

केरेझ आपाने चहाची वाटी उचलली.

"बर्फ पडलं की ती घरात बसायची नाही. म्हातारी झाली तरी अंगणात जाऊन बसायची. माझा बाप तिला ओढून आत आणायचा. माझ्या बापाला आयुष्यभर एकच लागून राहिलं होतं, की आपण घोड्यावर होतो म्हणून तो गेला. मरताना मला म्हणाला, बाळ रडत होतं की गप्प होतं, एवढं कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुझ्या आईने बघितलं ना? सांग. रडत होतं?"

केरेझ आपाने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"गप्प होतं," ती म्हणाली. "थंडीने आधीच गेलं होतं, असानकान. त्रास झाला नाही त्याला."

असानकान बाबा मग वाकले. मला वाटलं बसतात, पण त्यांनी दस्तरखानवरची एक भाकरी उचलली, तिच्यापर्यंत चालत गेले आणि ती तिच्यासमोर ठेवली.

"माझी आजी म्हणायची रडत होतं. तू माझ्यावर दया करून खोटं बोलतेस. मी एकोणऐंशीचा आहे, मला दया नको. भाकरीला हात लावून सांग."

भाकरीला हात लावून आमच्यात कुणी खोटं बोलत नाही. चोर पोलिसांपुढे बोलतो, भाकरीपुढे बोलत नाही. आणि तो दिवस मेलेल्यांचा होता. तेलाचा वास दरवळत होता. तिच्या दृष्टीने ते सगळे त्या सभागृहातच बसले होते. तिने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला.

"रडत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर उचललं."

"कुणी?"

"असानकान, बस खाली."

"उचललं? मग जगलं?"

"जगलं. म्हातारं झालं. पोरंबाळं झाली. सत्त्याऐंशीच्या वसंतात गेलं आणि तू त्याला माती दिलीस. आता बस. माझ्या आईच्या आत्म्यासाठी बस."

तिने नाव घेतलं नाही. पण आमचं गाव लहान आहे. पळापळीच्या वर्षी जन्मलेला आणि सत्त्याऐंशीच्या वसंतात मेलेला माणूस गावात एकच होता. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "एसेनकुल."

असानकान बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो मी कधी विसरणार नाही. तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, लहान पोरासारखं. ते वळले, तुर्दुबेकला शोधू लागले, "माझ्या भावाच्या लेका!" म्हणाले, आणि दोन्ही हात पसरून त्याच्याकडे निघाले.

बाकीचे लोक मात्र हलत नव्हते. मी बघितलं, तर सगळ्यांचे अंगठे हलत होते. आमच्याकडे अंगठ्याने बोटांच्या पेरांवर बाप मोजतात. मांडीवर, रुमालाखाली, पोरांच्या डोक्यावरून, शंभर-दीडशे माणसं मुकाट्याने मोजत होती. बेकतुर, तुर्दुबेक, जुमाली, एसेनकुल, बोरुबाय. बेगायमकडून: तिचा बाप, असानकान, कीदीर, बोरुबाय. एकेकाचा अंगठा थांबत गेला. बेकतुरची आई सादात, तिचा थांबला. बेकतुरच्या हातातून झारा कढईत पडला.

असानकान बाबांनी तुर्दुबेकला मिठी मारली, आणि त्याच्या खांद्यावरून त्यांना नातीचा चेहरा दिसला. तेव्हा त्यांनीही मोजलं.

बेगायमने सर्वांत शेवटी मोजलं. तिला आधी कळलंच नाही की सगळे तिच्या पोटाकडे का बघताहेत.

दुसऱ्या दिवशीही सुट्टीच होती. कचेरी बंद, दुकान बंद, सगळे घरी. सकाळी असानकान बाबा मला बोलवायला आले. तुर्दुबेककडे जायचं आहे, कुणीतरी तिऱ्हाईत बरोबर हवं, असं म्हणाले. सोबत मुल्ला होता आणि बेगायमचा थोरला भाऊ, स्वतःची गाडी घेऊन आलेला. गाडीत एक मेंढा बांधलेला होता.

तुर्दुबेकच्या फाटकाच्या बरंच आधी असानकान बाबा गाडीतून उतरले आणि हंबरडा फोडत चालू लागले. मयताच्या घरी पुरुष असेच जातात. "काका रे माझा, काका! शेजारी होतास रे, मी ओळखलं नाही!" आतून तुर्दुबेक तसाच रडत बाहेर आला. गळ्यात पडले. मग सगळे मिळून डोंगराच्या पायथ्याशी एसेनकुलच्या कबरीवर गेले. असानकान बाबांनी कबरीच्या मातीवर हात फिरवला.

"तीन फावडी टाकली होती मी," ते म्हणाले. "शेजारधर्म म्हणून. आणि घाई होती मला, गुरं चरायला सोडलेली."

परत येऊन भाकरी मोडली, चहा झाला. मेंढा त्यांनी तुर्दुबेकच्या अंगणात बांधला. आणि तेव्हा, त्याच आवाजात, म्हणाले, "आता माझी पोर मला परत दे, तुर्दुबेक."

"ती इथेच राहील," बेकतुर म्हणाला. तो भिंतीला टेकून उभा होता. रात्रभर झोपलेला नसावा. "मी पणज्याशी लग्न केलेलं नाही. आम्ही राजधानीत जाऊ. तिथे कुणी बोटं मोजत नाही."

"तिथेही आपलीच माणसं आहेत," त्याची आई म्हणाली.

मुल्ला तरुण होता, बाहेर शिकून आलेला. तो घसा खाकरून म्हणाला, "खरं सांगायचं तर शरियतप्रमाणे याला अडचण नाही. चुलत घराण्यात तर..."

"मुल्ला, तुमचा शब्द डोक्यावर," तुर्दुबेक म्हणाला. "पण जेवताना घास अडकतो आहे, त्याला काय करू? काल रात्री ती चहा घेऊन आली, आणि मला दिसली ती माझ्या घरातली मुलगी, सून नाही. मी नाही ठरवलं. तशी दिसली."

मला वाटलं होतं की तिला कुणी तरी टोचून बोलेल. कुणीच बोललं नाही. बोलले असते तर ती भांडली असती. बेगायम भांडणारी होती. पण सादात तिच्यापाशी जाऊन बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली आणि म्हणाली, "बाळा, काही खाल्लंस का? माझी पोर ती." इतकी वर्षं सादातने तिला सूनबाईशिवाय हाक मारली नव्हती. तिने हळूच बेगायमच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल सोडला, घडी केली आणि तिच्याच मांडीवर ठेवला. बेगायमने तो पुन्हा बांधायला हात वर नेले. मग हात तसेच खाली आले.

"मूल?" तिने विचारलं.

"मूल आपलंच," असानकान बाबा म्हणाले. "दोन्हीकडून आपलंच." आणि बोलून गेल्यावर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"बेकतुर," ती म्हणाली.

बेकतुर तिच्याकडे बघत नव्हता. काल सभागृहात त्याने तिच्या हातातून किटली घेतली होती, त्या वेळी तो तिच्याकडे कसा बघत होता ते मला आठवलं. आता तो तिच्या पायांपाशी जमिनीकडे बघत होता. "मी येतो मागून," तो म्हणाला. "दोन दिवसांनी. जरा शांत झालं की."

तिला कळलं. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडात आणत नाही, मरेपर्यंत नाही. त्या नावाचा शब्द दुसऱ्या अर्थाने आला तरी ती तो टाळून बोलते. बेगायम उठली, भिंतीचा आधार घेत, आणि सासऱ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "बरं आहे, तुर्दुबेक. जाते मी."

सगळ्यांनी ऐकलं. सादातने डोळे मिटले. तुर्दुबेकने मान हलवली, जणू ती हक्काचंच बोलली होती.

बेकतुरने तिची पिशवी गाडीपर्यंत नेली. तिने त्याच्यासमोर हात धरला. त्याने पिशवी आत ठेवली आणि दार हलकेच लावलं, कुणाच्या बहिणीला पोचवायला आल्यासारखं. तिच्या हाताला त्याने हात लावला नाही.

केरेझ आपाने त्या दिवसापासून कुणाशी बोलणं सोडलं. चुलीपाशी बसायची. डिसेंबरात गेली. तिच्या मयताला दोन्ही घराणी आली आणि एकाच रांगेत उभी राहिली.

जानेवारीत बेगायमला मुलगी झाली, आजोबांच्या घरी. चाळीस दिवसांनी मूल बघायला जायचा रिवाज आहे. मी एक लोकरीचं पांघरूण घेऊन गेलो. दारात दोन शेजारणी निघत होत्या. एक दुसरीला म्हणत होती, "कान तर ठीक आहेत."

बेगायम पाळण्यापाशी बसली होती. डोक्यावर काहीच नव्हतं. केस मोकळे, न विंचरलेले. असानकान बाबा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून झोपले होते किंवा झोपल्यासारखे पडले होते. मी पांघरूण पुढे केलं आणि मुलीला आयुष्य लाभो असं काहीतरी पुटपुटलो. बेकतुर आला होता का, हे विचारायचा धीर झाला नाही. विचारायची गरजही नव्हती.

"बसा मास्तर," ती म्हणाली. "तुम्हालाही बघायचं असेल."

मी नको म्हणायच्या आत तिने पाळण्याचे पट्टे सोडले आणि दुपटं बाजूला केलं. मूल गोरं, लठ्ठ, झोपलेलं. खोली थंड होती. तिने त्याचा एक हात उचलून त्याची मूठ उघडली, मग दुसरी. मग पाय. एकेक बोट वेगळं करून दाखवलं. मग मुलीला उलटं करून पाठ दाखवली, मणके. तिचे हात सरावाने चालत होते. गेल्या काही दिवसांत तिने हे किती जणांना दाखवलं असेल, कोण जाणे.

थंडी लागून मूल जागं झालं आणि रडू लागलं.

"बघितलंत ना नीट?" ती म्हणाली. "सांगा बाहेर."

मी मान हलवली. मी बघितलं होतं. सगळं, बोटंसुद्धा.